भाकरीचा प्रश्न आरोग्याचाही आहे
(माझगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पारंपरिक आहार आणि आरोग्य हा विषय आपल्या व्यासपीठावर आला, याचे काहींना नवल वाटले असेल. हा विषय वैद्यांचा, चळवळीचा नव्हे, असा आपला समज आहे. परंतु १९७२-७३च्या महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर याच मुंबईत हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा धान्य, तेल, साखर हेच राजकारण झाले होते. त्या वेळची मागणी पोटभर अन्नाची होती. आज तिला दुसरी जोड द्यावी लागेल : पोट कशाने भरते, या प्रश्नाची.

माझगावच्या गोदीत आणि शेजारच्या गिरणगावात जो कष्टकरी आला, तो मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. येताना त्याने आपले जेवणही आणले. कोकणच्या माणसाने उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सुके बोंबील आणि जवळा आणला. घाटावरच्याने ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, आमटी आणि ठेचा. हे जेवण कोणा आहारतज्ज्ञाने आखून दिलेले नव्हते. तरी ते शास्त्राच्या कसोटीस उतरते. भात तुसासकट उकडला की वरच्या थरांतील ब जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो आणि सडल्यावरही टिकतो. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन उणे असते, ते धान्य पुरवते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास. आंबील आंबवल्याने धान्यातील फायटेट घटते आणि लोह अंगी लागणे सोपे होते. गरिबीतही शहाणपण होते, ते असे.

हे शहाणपण शहरात टिकवले कोणी? खानावळवालीने. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगाराला गावच्या चवीचे ताट तिने वाढले. उधारीवर किराणा आणणारी आणि व्याजात बुडालेली ही स्त्री कामगार म्हणून कोणाच्या हिशेबात नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि तिला राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांबरोबर खानावळींची पंगतही विरळ झाली. आज गोदीच्या दरवाजाबाहेर कंत्राटी मजूर सकाळी वडापाव आणि चहावर दिवस सुरू करतो. त्याला कोणी आवडीनिवडीचा दोष देऊ नये. ज्याची खोली दहाजणांची आणि पाळी बारा तासांची, त्याने भाकरी थापायची कधी?

मात्र परंपरेची आरती ओवाळण्यास मी उभा नाही. जुन्या ताटात घरची सून शेवटी बसत असे आणि उरलेसुरले खात असे. कोणी काय खावे, हे जात ठरवीत असे. दलितांच्या अन्नाला तर स्वयंपाकाच्या पुस्तकांतही जागा नव्हती. आणि नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळला, तोही विसरू नये. पारंपरिक आहार तारक ठरतो तो भाकरीबरोबर डाळ, भाजी, मासळी, दूध असेल तेव्हा. कोरडी भाकरी म्हणजे परंपरा नव्हे, दारिद्र्य आहे.

आता शासनाचे धोरण पाहा. १९७२च्या दुष्काळात ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राला रेशनवर परदेशी लाल मिलो खावा लागला. त्यानंतर रेशन म्हणजे प्रामुख्याने गहू आणि तांदूळ, हे समीकरण पक्के झाले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालील धान्य मोफत आहे. पण पिशवीत पडते ते बहुतांशी गहू-तांदूळच. शेतकऱ्याने खरीप ज्वारी मोडून सोयाबीन पेरले, कारण ज्वारीला खात्रीची सरकारी खरेदी नव्हती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ‘श्री अन्न’ असे भारदस्त नावही मिळाले. परिणाम काय? नाचणीची बिस्किटे वातानुकूलित दुकानात गेली आणि ज्याच्या आजोबांचे ते रोजचे अन्न होते, त्याला ज्वारी गव्हाहून महाग झाली. दुसरीकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या आणि पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले खुरटलेली.

तेव्हा उपदेश पुरे. मागण्या मांडू या. रेशनवर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि त्यांबरोबर तूरडाळ व तेल मिळाले पाहिजे. त्यासाठी हमीभावाने खरेदी झाली पाहिजे. अंगणवाडीत आणि शाळेत पाकिटबंद खाऊऐवजी स्थानिक बायकांच्या हातचे ताजे अन्न द्यावे आणि त्या हातांना पुरेसे वेतन द्यावे. कामाच्या ठिकाणी कंत्राटी मजुरालाही स्वस्त भोजनगृह हवे.

आणि एक काम आपले. पुढील महिन्यात प्रत्येकाने आपल्या वस्तीतील रेशन दुकानावर एक सकाळ उभे राहावे, काय मिळाले व काय नाकारले याची नोंद करावी आणि दहा घरांत काय शिजते ते विचारावे. विचारताना त्या घरची बाई कधी जेवली, तेही विचारा. त्या उत्तरांतूनच आपल्या मोर्चाचे निवेदन लिहिले जावे.