फोटो न निघणारी देणगी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माईकसमोर उभं राहिलं की अजून वाटतं, मागच्या बाकावरून कुणीतरी खडू मारणार. मारा, पण दहा मिनिटांनी.

आपल्या बॅचने जमवलेले साडेचार लाख रुपये कशावर खर्च करायचे, हा विषय माझ्याकडे दिला आहे. ग्रुपवर तीन सूचना आल्या. पाण्याचा कूलर, डिजिटल फळा आणि प्रवेशद्वाराची कमान. कमानीवर आपल्या बॅचचं नावही येणार होतं म्हणे. मी चौथी सूचना घेऊन आलो आहे आणि तिचा फोटो निघत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वीस-बावीस वर्षं मी सामाजिक संस्थांसाठी निधीचे प्रस्ताव लिहिण्याचं काम केलं. एकदा एका कंपनीच्या पैशातून आम्ही एका सरकारी शाळेला दहा संगणक दिले. फीत कापली, फोटो काढले, अहवाल गेला. वर्षभराने सहज डोकावलो, तर संगणकांवर प्लास्टिक तसंच. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडलेली होती आणि ती आम्ही फीत कापली त्या दिवशीही नव्हती! प्लग कुठे लावलाय, हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. त्या अहवालावर सही माझी होती. ते बिल कुठल्या खात्यातून भरायचं, तरतूद कुणी मागायची, हे विचारायला एक माणूस नेमला असता तर संगणकांच्या निम्म्या पैशातही भागलं असतं. पण त्या कामाला पैसे मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

या कामाला आमच्या धंद्यात जनवकिली म्हणतात. मुलांच्या शिक्षणावर सरकारने जास्त आणि नीट खर्च करावा म्हणून आकडे काढणं, अर्ज करणं, पालकांना उभं करणं, आमदारांच्या मागे लागणं. काम जुनंच आहे. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच केलं. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं. कायद्याने हक्क प्रत्यक्षात आला 1 एप्रिल 2010 रोजी. कोठारी आयोगाने सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के आजही गाठायचेच आहेत.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच तालुक्यात, उसगावला विधायक संसद आहे. भिवंडीच्या रस्त्याला वीटभट्ट्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं तिथे येतात, कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यात राहतात आणि पावसाआधी परततात. त्यांच्या मुलांची नावं गावच्या पटावर आणि मुलं मात्र भट्टीवर. इथल्या कुठल्याच पटावर ती नाहीत. जे मूल पटावर नाही, त्याच्यासाठी सरकारी पैसाही नाही. या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ काढल्या. नुसत्या शाळा चालवून ते थांबले नाहीत, ही मुलं शासनाच्या हिशेबात यावीत म्हणून पाठपुरावा करत राहिले. त्याच मंडळींच्या ‘समर्थन’ संस्थेने मुंबईत राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास सुरू केला. पाटी-पुस्तकाला देणगी देणारे भेटतात, अर्थसंकल्प वाचणाऱ्याच्या पगाराला कोण देतो?

आता तर ते आणखी अवघड झालंय. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेने आपल्याला मिळालेली अशी देणगी लहान संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. गावपातळीवर पाठपुरावा करणारे गट त्या नळाच्या शेवटच्या टोकाला होते. आता त्यांना पैसा मिळायचा तर तुमच्या-माझ्यासारख्यांकडूनच.

घरी गेल्यावर घरपट्टीचं बिल काढा. त्यात शासनाच्या शिक्षण कराची ओळ असते. 1962 च्या कायद्याने तो कर येतो, महापालिका तो गोळा करून राज्याकडे भरते. आपली महापालिका 2009 मध्ये झाली, पण प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. कर शहराचा, शाळा ग्रामीण खात्याच्या. मग छप्पर गळलं की कुणाचं दार ठोठवायचं? तळ्यापलीकडच्या घरांत भांडी घासणाऱ्या बाईने हे शोधून काढायचं का? तिची मुलगी त्याच शाळेत आहे आणि कायद्याने ती बाई शाळा व्यवस्थापन समितीची सदस्यही असू शकते. समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. सही कुठे करायची एवढंच तिला दाखवलं जातं.

तर माझी सूचना अशी. या पैशातून दोन वर्षं एका पदवीधर मुलीला मानधन द्यायचं. आपल्या भागातलीच असावी, म्हणजे बैठकीत पालकांशी त्यांच्या बोलीत बोलेल. तिने समित्यांच्या बैठकांना बसायचं, सभासदांना जमाखर्च वाचायला शिकवायचं, दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकायचे आणि तीस दिवसांनी उत्तर मागायला जायचं. दर तिमाहीला ग्रुपवर हिशेब. दोन वर्षांत एकही छप्पर दुरुस्त झालं नाही, असंही होऊ शकतं. तसं झालं तर तेही ग्रुपवर लिहू.

आपल्याला गणित शिकवणाऱ्या बाई समोर बसल्यात. पहिली काही वर्षं त्यांची तुकडी विनाअनुदानित होती आणि त्या अर्ध्या पगारावर शिकवत होत्या, हे आपल्याला शाळा सोडल्यावर कळलं. परवा मी त्यांना ही सूचना फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, “त्या मुलीचं मानधन मात्र वेळेवर द्या रे.”

कूलरवाल्यांनी आता बोलावं. मतदान जेवणाआधी घेऊ, नंतर कुणी थांबणार नाही.