फुटाला एक पौंड

खुनाचा सिनेमा काढायला पैसा किती लागतो? १९३० च्या आसपास इंग्लंडात याचा जवळजवळ ठरलेला भाव होता, फिल्मच्या फुटाला एक पौंड! १९२७ साली तिथे कायदा झाला की थिएटरांनी काही हिस्सा ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत. मग अमेरिकी कंपन्यांनी कायद्यापुरते, स्वस्तातले ब्रिटिश चित्रपट काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात रद्दीच फार. पण मायकेल पॉवेलसारखा मोठा दिग्दर्शक याच घाईगर्दीत घडला. त्याचा १९३१ चा ‘रायनॉक्स’ हा खूनपट जेमतेम पाऊण तासाचा. स्वस्तात लढाई दाखवायला गेलं तर हसू होतं. खुनाला मात्र चार भिंती आणि संशय घ्यावा अशी चार माणसं पुरतात.

आपल्याकडचा दाखला १९६९ च्या ‘इत्तेफाक’चा. चोप्रा बंधूंचा ‘आदमी और इन्सान’ रखडला होता. त्या मोकळ्या वेळात यश चोप्रांनी महिनाभरात हा चित्रपट उरकला. कथेचं मूळ ‘साइनपोस्ट टू मर्डर’ या इंग्रजी नाटकात. ती आपल्यापर्यंत आली गुजराती रंगभूमीवरून. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री एका एकट्या बाईच्या घरात शिरतो. तो राजेश खन्ना, ती आपली नंदा, मास्टर विनायकांची मुलगी. तपासाला इफ्तेखार, नाव इन्स्पेक्टर कर्वे! सलील चौधरींसारखा संगीतकार घेतला, पण गाणं एकही नाही. त्या काळी हे धाडसच होतं. तरी मला विचाराल तर खरी कमाल नंदाला घेण्यात आहे. ‘छोटी बहन’मधली सोशिक मुलगी म्हणून ठाऊक असलेली ही नटी इथे नुसती दाराकडे बघते, तरी आपण सावरून बसतो. पुढचं सांगत नाही, नाहीतर बघणाऱ्याची मजा जाईल. या महिनाभराच्या कामाला फिल्मफेअरचं उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

आता इथल्या, आपल्या लोहाऱ्यातल्या पोरापोरींसाठी दोन शब्द. मोबाईलचा कॅमेरा तुमच्या खिशात आहे. टिनावर कोसळणारा पाऊस आपल्याकडे फुकट मिळतो, आणि त्याचा आवाज असा की स्टुडिओवाल्यांनी हेवा करावा. तेव्हा भांडवलाची वाट बघू नका. आधी कागदावर पक्कं करा, मेलं कोण, मारलं कोणी आणि प्रेक्षकाला ते कधी कळू द्यायचं. हे जमलं की मगच कॅमेरा काढा.