मशकबीन: पलटणीतून वरातीत



बबीन्यासारख्या छावणीच्या गावात पाइप बँडची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्यापैकी काही घरं पलटणीबरोबर इथे आली, काही नेवाळकरांच्या काळापासून झाशीची आहेत. पण काखेत पिशवी आणि खांद्यावर नळ्या घेऊन चालणारा वादक सगळ्यांनीच पाहिला आहे. आज मला त्या वाद्याबद्दल लोकवाद्य म्हणून बोलायचं आहे. उत्तराखंडातल्या अल्मोडा, पिथौरागड, पौडी या भागांत त्याला मशकबीन म्हणतात आणि ढोल-दमाऊंच्या जोडीनं ते लग्नाच्या वरातीत वाजतं.

हे वाद्य तिथे पोचलं ते लष्करातून. 1857 च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदर बागेवर चालून गेलेल्या 93 व्या हायलँडर्स पलटणीबरोबर पाइपर होते. पुढे गुरखा, गढवाली, शीख पलटणींत आपली माणसं ही कला शिकली. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या जवानांनी ती सोबत नेली. तलवार-ढाल घेऊन नाचणाऱ्या कुमाऊंच्या छोलिया नर्तकांना असं वाद्य हवंच होतं. डोंगराच्या एका सोंडेवरून दुसरीवर ऐकू जाईल एवढा त्याचा आवाज! दोन-तीन पिढ्यांत ते इतकं मिसळून गेलं की बाहेरून आलं असं सांगितल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांना नवल वाटतं.

आणि पिशवीत हवा भरून वाजवायची युक्ती काही स्कॉटलंडची मिरासदारी नाही. राजस्थानात भैरूजींचे भोपे मशक वाजवतात, इराणच्या आखाती किनाऱ्यावर ती आहे, ट्युनिसियातही आहे. आपल्या जव्हार-डहाणूकडचा तारपा घ्या. दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाळवंड्याच्या भिकल्या धिंडा यांच्यासारखा जाणता तारपावाला सूर तुटू न देता गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेतो. मशकबीनमध्ये गालांचं ते काम कातडी पिशवी करते, एवढाच फरक.

आता वाद्य जरा जवळून पाहू. वादक आधी पिशवी फुगवतो आणि तिच्यावर हाताची थाप मारतो. घर्रर्र करत मागच्या तीन नळ्या बोलू लागतात. मग कोपराचा दाब असा ठेवायचा की फुंकर थांबली तरी सूर हलता कामा नये. पिशवी बगलेत जास्त आवळली तर सूर चढतो, ढिली पडली तर गळतो. तीन नळ्यांपैकी दोन मध्यम, एक खर्जाची. तिन्ही अखंड षड्ज धरून असतात. आपल्या कानाला हे तंबोऱ्यामुळे ओळखीचं आहे. बोटांखालच्या नळीला चँटर म्हणतात. तिच्यात स्वर फक्त नऊ: मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत. गांधार शुद्ध, निषाद कोमल. म्हणजे थाट झाला खमाज! भूप यात वाजतो, दुर्गा वाजतो, पहाडी वळणाच्या चाली तर मोकळेपणानं वाजतात. भैरवी मात्र या नळीवर धड निघत नाही; त्यासाठी लागणारे बाकीचे कोमल स्वर तिच्यात नाहीत.

आणखी एक अडचण. सूर थांबत नाही आणि लहान-मोठाही होत नाही. मग एकच स्वर दोनदा कसा वाजवायचा? मधे क्षणभर दुसऱ्या स्वराला बोट लावून तो तोडायचा. गायकाच्या कणासारखं हे बारीक काम आहे, आणि वादकाची खरी तयारी तिथेच दिसते.

मोहन उप्रेती यांनी 1950 च्या सुमारास बांधलेली ‘बेडू पाको’ या कुमाऊंनी गाण्याची चाल दुर्गाच्या अंगाची. ती घराघरांत गेली आणि कुमाऊं रेजिमेंटच्या कूचगीतातही आली. पलटणीतून गावात गेलेलं वाद्य आणि गावातून पलटणीत आलेली चाल, असा हा दुतर्फा व्यवहार. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची ‘ऐ मेरे वतन के लोगो’ 2022 साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये वाजली, तीही याच वाटेनं.

आता पुनरुज्जीवनाबद्दल. स्वीडनच्या दालार्ना भागात अशी पिशवीची वाद्यं जवळजवळ संपली होती. 1930 च्या दशकात मॅट्स रेनबर्ग हा तरुण अभ्यासक संग्रहालयातल्या जुन्या पिशव्यांचा माग काढत खेड्यांत गेला. परंपरेतला शेवटचा दुवा मानले जाणारे गुडमुंड्स निल्स लार्सन 1949 साली वारले. पुढे 1980 च्या आसपास लेफ एरिक्सन या कारागिरानं जुने नमुने मोजून नवी वाद्यं घडवली आणि पेर गुडमुंडसन यांनी ती मंचावर आणली. आज तिथे तरुण मुलं ती वाजवतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की अभ्यासक, कारागीर आणि वादक असे तिघे लागले. वाद्य काचेच्या कपाटात सुखरूप होतं, तरी त्यातून सूर निघत नव्हता.

आपल्याकडे परिस्थिती त्यांच्याहून बरी आहे, कारण वादक हयात आहेत. पण डीजे आला आणि वरातीतलं काम गेलं. याहून जुनं दुखणं जातीचं आहे. उत्तराखंडात ढोल-दमाऊ वाजवणारे बहुतेक औजी, बाजगी, दास समाजाचे. त्यांच्या वाजवण्याशिवाय मंगलकार्य होत नाही आणि त्यांना मात्र अंगणाबाहेर बसवलं, वेगळ्या पंक्तीला जेवू घातलं. अशा धंद्यात मुलानं यावं असं कोणत्या बापाला वाटेल? लोककलेच्या ऱ्हासाची चर्चा करताना ही गोष्ट टाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. कला टिकवायची असेल तर कलाकाराला बरोबरीचं पान वाढावं लागेल.

आपल्या इथल्या बुंदेलखंडाचं स्वतःचं संगीतही भरपूर आहे. पावसाळ्यातला आल्हा, दिवाळीतली दिवारी, रमतूला-नगडियासारखी वाद्यं. निवृत्त पाइपर आणि इथले नगडियावाले एकत्र बसले तर काय होईल, हे मला मनापासून ऐकायचं आहे. काही चाली नऊ स्वरांत बसणार नाहीत. त्या सोडाव्यात, ओढूनताणून बसवू नयेत. शिवाय उन्हाळ्यात इथल्या लूमध्ये नळीत सूर काढणारी बोरूची जिव्हाळी सुकून चिरते आणि पावसात फुगते, तेव्हा ती घडवणारा आणि दुरुस्त करणारा माणूसही इथेच तयार व्हायला हवा.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आपल्या ओळखीत निवृत्त पाइपर असतील तर त्यांच्याकडे जा, त्यांना आठवतात त्या चाली फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि कोणती चाल कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. घरातलं एखादं मूल त्यांच्याकडे शिकायला पाठवा. सुरुवातीला पिशवी लागत नाही, नुसत्या सरावाच्या चँटरवर बोटं बसतात. आणि येत्या गणेशोत्सवात मिरवणुकीसाठी डीजेला जेवढी बिदागी देता, तेवढी या वादकांना द्या आणि प्रसादाच्या पंक्तीत त्यांना आपल्या शेजारी बसवा.