भूत सगळ्यांनीच पाहिलं



मागच्या हिवाळ्यापासून आमच्या गटाने एक नवी सवय लावून घेतली आहे. महिन्याची बैठक झाली, बचत वहीत चढली, हप्ते मोजून झाले, पेटीला कुलूप लागलं, तरी लगेच कोणी उठायचं नाही. अर्धा तास एक गोष्ट ऐकायची आणि मग घरी जायचं. पहिली गोष्ट कसली हवी, असं विचारलं तर सगळ्या मावश्या एकदम म्हणाल्या, "भुताची!" आमच्यातल्या एकीकडे जुन्या इंग्रजी भूतकथांचं जाड पुस्तक होतं. तेच काढलं. वाचायचं इंग्रजीत आणि सांगायचं आपल्या बोलीत.

इंग्लंडात डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडायला लागतो. बाहेर कडाक्याची थंडी, घरात भिंतीतली शेकोटी पेटलेली. नाताळच्या दिवसांत अशा शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायच्या, ही तिथली जुनी रीत. दीडशे वर्षांपूर्वी तिथली मासिकं-साप्ताहिकं नाताळचा खास अंक काढायची, जसे आपल्याकडे दिवाळी अंक निघतात. त्यात भूतकथा हवीच. आणि या कथा लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, हे आम्हाला पुस्तक उघडल्यावर कळलं.

त्यातली एक शार्लट रिडेल. जन्म १८३२चा, आयर्लंडमधला. पुढे ती लंडनला आली, लग्न झालं. १८७१ मध्ये नवऱ्याचं दिवाळं निघालं. तो वारल्यावरही त्याची देणी ही बाई लिहून लिहून फेडत राहिली. म्हणूनच की काय, तिच्या गोष्टींतली भुतंही घरभाडं, कर्ज, वारसा यांच्यात अडकलेली. एका गोष्टीत एक घर आहे, तिथे भाडेकरू टिकतच नाही. त्या घरात एक सावकार गोळी लागून मेलेला असतो. लोक म्हणतात, त्याने स्वतःच जीव दिला. शेवटी उघड होतं की त्याच्याच कर्जात बुडालेल्या माणसाने त्याला मारलं होतं. हे ऐकून आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "म्हणजे वसुलीला एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं." आम्ही खूप हसलो.

पुढच्या महिन्याच्या गोष्टीला मात्र कोणी हसलं नाही.

ती गोष्ट एलिझाबेथ गॅस्केल यांची. मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात राहणारी, पाद्र्याची बायको, लेकुरवाळी. १८५२ साली चार्ल्स डिकन्स या मोठ्या लेखकाच्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात ही गोष्ट छापून आली. सांगणारी आहे हेस्टर, मूल सांभाळणारी नोकर बाई. तिच्या हाती एक आईबाप गेलेली लहान मुलगी, रोझामंड. दोघी नातेवाइकांच्या एका जुन्या, मोठ्या वाड्यात राहायला येतात. तिथे ग्रेस नावाची म्हातारी मालकीण. वाड्यातला मोठा ऑर्गन आतून मोडलेला, तरी वादळी रात्री तो वाजतो. आणि बर्फात एक छोटी मुलगी दिसते. ती खिडकीशी येऊन रोझामंडला बाहेर बोलावते. एकदा रोझामंड तिच्यामागे जाते आणि थंडीने मरता मरता वाचते.

मग जुनी हकिगत कळते. ग्रेसची मोठी बहीण मॉड. दोघींचं मन एकाच माणसावर, परदेशातून आलेल्या एका वादकावर. मॉडने त्याच्याशी गुपचूप लग्न केलं, तिला मुलगी झाली, तो सोडून गेला. ग्रेसने मत्सरापोटी हे बापाला सांगितलं. बापाने त्या लेकराला कुबडीने मारलं आणि आईसकट बर्फात हाकलून दिलं. वर वाड्यातल्या सगळ्या नोकरांना ताकीद दिली, कोणी तिला भाकरतुकडा किंवा आसरा द्यायचा नाही. कोणी दिला नाही. दुसऱ्या दिवशी मेंढपाळांना मॉड सापडली ती वेडी झालेली, मांडीवर मेलेली मुलगी घेऊन बसलेली.

शेवटच्या रात्री तेच सारं पुन्हा घडतं. भुताच्या रूपात बाप, मॉड, मुलगी आणि तरुणपणीची ग्रेस, दगडासारखी उभी. म्हातारी ग्रेस ओरडते, लेकराला मारू नका म्हणते. पण वेळ कधीच टळून गेलेली. ती तिथेच कोसळते. हेस्टर मात्र आपल्या रोझामंडला घट्ट धरून ठेवते, बर्फात जाऊ देत नाही.

डिकन्सना वाटत होतं की शेवटी भुतं फक्त त्या लहान मुलीलाच दिसावीत. गॅस्केलबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या गोष्टीत ती सगळ्यांना दिसतात.

गोष्ट संपल्यावर आम्ही गप्प बसलो होतो. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी बोलल्या. "त्या पडक्या गोठ्यात हडळ नव्हती, गं."

आमच्या वस्तीच्या टोकाला एक पडका गोठा आहे. काही वर्षांपूर्वी तिथून रात्री बाईच्या रडण्याचा आवाज यायचा. हडळ आहे म्हणून आम्ही पोरांना तिकडे फिरकू देत नव्हतो. खरं काय ते आम्हाला माहीत होतं. जवळच्या घरातल्या सुनेला रात्री बाहेर काढायचे आणि ती उजाडेपर्यंत त्या गोठ्यात बसायची. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी हडळ म्हटलं. हडळ म्हटलं की कडी लावून झोपता येतं. नंतर ती माहेरी गेली, परत आली नाही. वाड्यातल्या त्या नोकरांना निदान मालकाची ताकीद होती. आम्हाला तर कोणी अडवलंही नव्हतं.

त्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला. रात्री रडणं ऐकू आलं तर दोघींनी मिळून जायचं. दार वाजवून विरजण मागायचं. आत काय चाललंय ते दिसतं, आणि आतल्यांनाही कळतं की बाहेर ऐकू जातंय. आतापर्यंत दोनदा विरजण मागून झालं. एका घरी बाई दाराशी आली आणि आमच्याबरोबर चालू लागली.

मैत्रिणींनो, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. संरक्षण अधिकाऱ्याला तिने स्वतःच कळवलं पाहिजे असं नाही. शेजारणही कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर कारवाई होत नाही. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१, तातडीचा नंबर ११२. दोन्ही गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

तुमच्याही गटात हिवाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी भुताची गोष्ट सांगा. मग एकमेकींना विचारा, आपल्या वस्तीत भूत कुठे आहे म्हणतात, आणि तिथे आधी कोण राहत होतं. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.