जड पाण्याची पारख

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव परिसरात जमिनीखाली कठीण खडक आहे. त्याच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. बोअरचं असं जड पाणी नळाला आलं, की साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता, म्हणजेच जडपणा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल, तर 600 पर्यंत चालते. पाणी उकळलं, की बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तळाशी बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला मात्र राहतोच. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही.

जडपणापेक्षा मोठा धोका नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंचा. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड असलं, तरी त्यात ते असू शकतात. नायट्रेट तर उकळूनही जात नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा, आपल्या बोअरचं पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच मागून घ्या, आणि अहवाल हाती आल्यावरच फिल्टर विकत घ्यायचं ठरवा.