राणी पडली, गुलाम कोठे?

(जयपूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या नगरीत ही सभा भरली आहे, ती सवाई जयसिंहाने १७२७ साली वसवली. त्याचे गुरू जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय. अरबी भाषा आत्मसात करून त्यांनी युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. येथील जंतरमंतरातले बृहत् सम्राट यंत्र आजही सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ दाखवते. अशा वेधशाळेतील निरीक्षकाला एक मोठी सोय असते. ग्रह ढगाआड जाईल, पण पाहणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून तो आपली जागा बदलणार नाही. ब्रिजच्या टेबलावर ही सोय नाही. तेथे पुरावा पुरवणारा माणूस हाच प्रतिस्पर्धी असतो.

‘पत्ते कुटणे’ या शब्दांत मराठी घराने या विषयाचा निकाल कधीच लावून टाकला आहे. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तरी त्या शब्दांची धार फारशी बोथट झालेली दिसत नाही.

बावन्न पानांतून तेरा पानांचे ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० वेगवेगळे संच निघू शकतात. हा आकडा दिपवणारा खरा, पण खेळणाऱ्याच्या कामाचा नाही. त्याला हवे असतात लहान आकडे. एखाद्या रंगाची नऊ पाने आपल्या आणि भिडूच्या हातांत मिळून आहेत, उरलेली चार प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत, असे समजावे. ती दोन-दोन अशी सारखी विभागलेली असतील, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात तशी शक्यता ४०.७ टक्के आहे. तीन-एक विभागणीची मात्र ४९.७ टक्के. उरलेले ९.६ टक्के चारही पाने एकाच हातात असण्याचे.

आता ही चार पाने म्हणजे राणी, गुलाम आणि दोन हलकी पाने असू द्या. समोर उघड्या मांडलेल्या डमीच्या हातात एक्का, राजा, दश्शी आणि दोन हलकी पाने आहेत. डाव खेळणाऱ्याच्या हातात चार हलकी पाने. त्याने एक्का वाजवला. डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने हलके पान दिले आणि उजवीकडच्याने राणी टाकली. गुलाम कोठे? उजवीकडे असेल तर राजा खेळताच तो पडेल. डावीकडे असेल तर पुढचे हलके पान हातातून खेळून डमीची दश्शी लावावी लागेल.

उजवीकडे राणी-गुलाम ही जोडी असण्याची मूळ शक्यता ६.७८ टक्के, एकटी राणी असण्याची ६.२२ टक्के. येथे थांबणारा माणूस राजा खेळतो. परंतु आकडेमोड येथे संपत नाही. एकटी राणी असणाऱ्याला ती टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. जोडी असणाऱ्यापुढे मात्र दोन वाटा होत्या. तो कधी राणी टाकील, कधी गुलाम. म्हणून जोडीच्या ६.७८ पैकी निम्मेच, म्हणजे ३.३९ टक्के, ‘राणी पडली’ या घटनेच्या वाट्याला येतात. ६.२२ विरुद्ध ३.३९, साधारण अकराला सहा. दश्शी लावणे हेच शहाणपणाचे. टेरेन्स रीस यांनी १९५८ साली ‘द एक्स्पर्ट गेम’ या पुस्तकात हे तत्त्व मांडले. मराठीत त्याला मर्यादित निवडीचे तत्त्व म्हणता येईल. पान कोणते पडले एवढेच न पाहता, ते टाकणाऱ्याला दुसरे काही टाकता आले असते काय, हेही पाहावे लागते. शाळेतल्या पाठ्यपुस्तकात पिशवीतून लाल-निळे चेंडू काढताना हा प्रश्न उद्भवत नाही, कारण पिशवीला मन नसते.

हे ‘निम्मे’ मात्र गृहीत धरलेले आहे आणि खरी गंमत तेथेच आहे. एखादा सरळमार्गी गृहस्थ जोडीतून नेहमी राणीच टाकतो, असे ठाऊक झाले तर? मग त्याने गुलाम टाकताच त्याच्याकडे राणी नाही, हे निश्चित होते. राणी टाकली, तर ६.७८ आणि ६.२२ ही मूळची तुलना परत येते आणि राजा खेळणे किंचित सरस ठरते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा, पण तो त्या गृहस्थाच्या सवयीने प्रतिस्पर्ध्याला फुकट दिलेला असतो. कसलेला खेळाडू म्हणूनच कोणताही क्रम न पाळता कधी हे, कधी ते पान टाकतो. त्याची सवय अशी नसतेच. तिचा माग कसा काढणार?

मग ही फसवणूक नव्हे काय, असे पालक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. ब्रिजच्या नियमांनी येथे रेघ स्पष्ट आखली आहे. पानांनी चकवणे मान्य आहे. मात्र त्यामागे भिडूशी केलेला गुप्त संकेत असता कामा नये, कारण भिडूला जे ठाऊक, ते प्रतिस्पर्ध्यालाही समजले पाहिजे. बोलून, हावभावाने, मुद्दाम घाईने किंवा विलंबाने चकवणे मात्र निषिद्ध आहे. राणी-गुलाम हाती असताना गुलाम शांतपणे टाकावा. त्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण हाती एकटी राणीच असताना, जणू दोहोंतून निवड करावयाची आहे, अशा आविर्भावात कपाळाला हात लावून बसणाऱ्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे नुकसान झाले, तर पंचाला त्या डावाचे गुण बदलता येतात.