तंबाखू : पेशींच्या बियाण्याला लागणारी कीड
(सोलापूर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मालदांडीचे बियाणे राखताना आपण निरोगी कणसे निवडून घेतो. बियाण्यातला दोष पुढच्या पिकात उतरतो, हे आपणांस ठाऊक आहे. शरीरातील पेशींचेही तसेच आहे. ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. पेशीची वाढ होताना त्यांची नक्कल नव्या पेशीत जाते. नक्कल बिघडली की बिघाडही पुढे जातो.

तंबाखू चघळा, मिश्री लावा किंवा विडी ओढा. तिच्यातील नायट्रोसामाइन ही घातक द्रव्ये रक्तात उतरतात, पेशीतील डीएनएला चिकटतात आणि गुणसूत्रे तुटू लागतात. हे तपासण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस प्रयोगशाळेत वाढवितात. त्यांना वाढीस लावणारे द्रव्य घेवड्याच्या दाण्यांतून काढतात. विभाजन थांबविण्यासाठी कोल्चिसीन वापरतात. पीक पैदासकार गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य. मग सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली गुणसूत्रे मोजता येतात. नित्य तंबाखू घेणाऱ्यांत ही मोडतोड अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

सोलापुरात हजारो भगिनी विड्या वळतात. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात विडीची तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्याही गुणसूत्रांत बिघाड जास्त दिसला. म्हणजे तंबाखूच्या धुळीपासूनही जपले पाहिजे. काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या धुळीत बसवू नये.

गुणसूत्र तुटले म्हणजे कर्करोग झालाच, असे नाही. शरीर बरीच दुरुस्ती करते. पण बांधाला रोज नवे भगदाड पडू लागले, तर एकटा माणूस किती बुजवणार? आपल्या बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. हा रोग फक्त शहराचा नाही, हे तिने दाखवून दिले.

मिश्रीने दात मजबूत होतात, हा गैरसमज आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदर भगिनींनी तर ती मुळीच लावू नये; बाळाचे वजन कमी भरते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण घरातली बंदी आपणच घालायची आहे.

तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पहिले काही दिवस चिडचिड होते, तलफ येते; पण तंबाखू थांबली की नवा मारा थांबतो आणि रक्तातील बिघाड हळूहळू कमी होऊ लागतो.

शेतावर मजुरांना तंबाखूची पुडी देण्याची रीत असेल, तर ती या हंगामापासून मोडा. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्या. बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या पेशींचे बियाणेही जपावे, एवढीच विनंती.